उष्टी वाफ

तो मास्क हिरव्या प्लॅस्टिकचा होता आणि त्याच्या आतल्या कडेला कुणाच्या तरी मिश्रीचा काळा डाग होता. माझ्या आधी त्या खुर्चीवर बसलेली बाई नुकतीच उठून गेली होती. मास्क तिच्या श्वासानं अजून कोमट होता. दवाखान्यातल्या मदतनीस बाईनं तो पदराच्या टोकानं पुसल्यासारखा केला आणि माझ्या नाकातोंडावर चढवून मागचं इलॅस्टिक कानावर ओढलं. रबराचा, तंबाखूचा आणि परक्या तोंडाचा वास एकदमच आत आला. मशीन घरघरलं, वाफ सुटली, जिभेवर खारट-कडू चव पसरली.

"लांब श्वास घ्या, ताई," डॉक्टर म्हणाले. "मॅग्नेशियम आहे. जेवढं आत जाईल तेवढं चांगलं."

मला मळमळत होतं. तरी मी श्वास घेतला, कारण दमा असलेल्या माणसाला किळस येऊन श्वास रोखून धरण्याची चैन परवडत नाही.

माझं माहेर नगर शहरातलं. लग्न होऊन मी पारनेरच्या माळावरच्या वस्तीवर आले, तेव्हा दमा होता तो थंडीपुरता. इथं आल्यावर त्याला हवं ते सगळं मिळालं. सकाळी कडबा कुट्टीचं यंत्र सुरू झालं की गोठाभर भुस्सा उडायचा. उन्हाळ्यात कांद्याच्या चाळीतली पातळ सालपटं वाऱ्यावर घरात यायची, अंथरुणात, पिण्याच्या पाण्यात. नवरा सुप्याच्या कारखान्यात कामाला, सकाळी कंपनीच्या गाडीनं जायचा. मागं गायी, सासूबाई आणि मी. सासूबाईंना मी आत्या म्हणते.

नगरच्या एका डॉक्टरांनी मला फार पूर्वी पंप दिला होता. रोज सकाळ-संध्याकाळ ओढायचा आणि मग चूळ भरायची. पंप सुरू होता तोवर मी गोठ्यातलं सगळं काम करत होते. पण पंप ओढणाऱ्या बाईकडे लोक कसे बघतात ते मला माहीत आहे. हळदीकुंकवाला मी खोकले की शेजारची बाई आपलं पोर जवळ ओढून घ्यायची. एका पाहुण्यानं घोरपडीच्या तेलाची बाटली आणून दिली होती. तिचं बूच काढलं आणि कुजक्या चरबीचा वास दोन खोल्यांतून दिवसभर गेला नाही. "पंपाची सवय लागली की सुटत न्हाई," असं तर ज्यानं त्यानं मला ऐकवलं होतं.

अशात आमच्या बाजाराच्या गावात हा दवाखाना निघाला. आधी तिथं बियाण्याचं दुकान होतं. शटरवर मोठी दोन फुप्फुसं रंगवलेली, गुलाबी, लग्नाच्या पत्रिकेवरच्या कमळांसारखी. खाली लिहिलेलं, 'मॅग्नेशियम वाफेने दम्यापासून मुक्ती'. बाजारच्या दिवशी बाकावर माणसं ओळीनं बसायची. मशीनं मोजकीच आणि मास्कही तेवढेच, त्यामुळं एकाचा झाला की दुसऱ्याला. वाफ झाली की बेडका सुटायचा. त्यासाठी कोपऱ्यात एक गुलाबी बादली ठेवलेली होती. तिच्यात काय असायचं ते मी लिहीत नाही. बादलीवरच्या माश्या उठायच्या आणि शेजारी भजी तळणाऱ्याच्या ताटावर जाऊन बसायच्या, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. भज्यांना गिऱ्हाईक असायचंच.

डॉक्टर गोरेगोमटे, गोड बोलणारे. प्रत्येक बाईला ताई, प्रत्येक म्हाताऱ्याला बाबा. पहिल्या भेटीतच त्यांनी माझ्या पिशवीतला पंप बाहेर काढला आणि दोन बोटांत धरून बाकावरच्या सगळ्यांना दाखवला.

"हे बघा. हे स्टेरॉईड. यानं हाडं ठिसूळ होतात, चेहरा सुजतो. आपली वाफ म्हणजे निसर्गातला क्षार. याचा त्रास शून्य. हे बंद करा, ताई. दर बाजारी या."

सासूबाई माझ्यासोबत होत्या. आमच्या सासूबाई स्वच्छतेच्या बाबतीत फार कडक. दुसऱ्याच्या तांब्यातलं पाणी त्या वरून पितात. लग्नातसुद्धा पेला स्वतःच्या हातानं विसळून घेतात. मास्क माझ्या तोंडावर चढला तेव्हा त्यांनी तोंड फिरवलं होतं. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "आमी गायीलाबी दुसऱ्याच्या गायीचं म्होरकं घालत न्हाई. आन् तू कुनाचं बी उष्टं तोंडाला लावतीस?"

"पण आत्या, छाती मोकळी झाली."

ते खरं होतं, आणि तेच वाईट होतं. वाफ घेतली की छाती खरंच मोकळी व्हायची. दोन-तीन दिवस बरं वाटायचं. मग मी पंप बंद केला. नवऱ्यालाही पटलं, कारखान्यात त्याच्या सोबतचे एक-दोघे त्याच दवाखान्यात जायचे. घरात सगळ्यांनाच पंप नको होता. मलासुद्धा. चारचौघांत तोंड उघडून फुस्स करायची मला लाज वाटायची.

हळूहळू दोन-तीन दिवसांचा आराम एका दिवसावर आला. चढ चढतानाच नाही, तर नुसती भाकरी थापतानाही मी थांबू लागले. डॉक्टर म्हणाले, शरीरातली घाण बाहेर पडतेय, आधी थोडं वाढणारच. मग बाजाराव्यतिरिक्तही एकदा या. मी गेले. तो मास्क, ती बादली, ती कोमट वाफ. घरी येऊन मी तोंड साबणानं धुवायचे, ओठ सोलवटेपर्यंत, आणि पुढच्या वेळी पुन्हा जायचे.

हिवाळा लागला तेव्हा एका सकाळी कुट्टी चालू असताना माझा श्वास अडकला. नेहमी शीळ वाजते तशी वाजली, मग शीळही कमी झाली. तोंड उघडं ठेवून मी गोठ्याच्या खांबाला धरून उभी राहिले. बोलायला गेले तर एकेक शब्द तुटून पडत होता. सासूबाईंनी यंत्र बंद केलं, माझ्याकडे पाहिलं आणि रस्त्याकडे धावल्या. नवरा कामावर होता. कांद्याच्या गोण्या भरून एक पिकअप चालला होता, तो त्यांनी आडवं येऊन थांबवला. जवळचा दवाखाना म्हणून आधी बाजारच्या गावातच नेलं.

डॉक्टरांनी मला पाहिलं. त्यांचा चेहरा उतरला, तो मला दिसला. तरी ते म्हणाले, "काही नाही, घाबरू नका. डबल वाफ देतो."

मास्क चढला. त्या दिवशी त्याच्या आत आदल्या माणसाची लाळ वाळून पांढरी झाली होती. वाफ आत घ्यायला छातीत जागाच नव्हती. नाकातोंडावर ओलं, खारट काहीतरी दाबून धरलंय एवढंच कळत होतं. मला उलटी झाली. मास्कच्या आतच. ती नाकात गेली, डोळ्यांत गेली, गळ्यावरून ब्लाऊजमध्ये उतरली. मी हातानं मास्क ओढत होते आणि मदतनीस बाई तो पुन्हा दाबत होती.

सासूबाईंनी इलॅस्टिक तोडलं.

"अहो, अहो, फरशी घाण केली सगळी," डॉक्टर मागं सरकत म्हणाले. त्यांच्या पांढऱ्या बुटांवर थोडं उडालं होतं. ते बुटांकडे बघत होते. मी तिथं खुर्चीवर गुदमरत होते आणि तो माणूस खिशातला रुमाल काढून बूट पुसत होता. त्यानंतर कितीतरी गोष्टी मी विसरले, पण ते वाकलेलं डोकं, त्यावरचा तेल लावलेला भांग मला अजून दिसतो.

"दुसरं मशीन लावा," ते म्हणाले.

"तुमच्या बापाला लावा," सासूबाई म्हणाल्या, आणि मला काखेत धरून बाहेर घेऊन आल्या. पिकअपवाला गेलाच नव्हता. भल्या माणसानं गाडी सुरूच ठेवली होती. सुपा ओलांडलं ते मला आठवतं. नंतर नगर येईपर्यंत गोण्यांचा वास आणि सासूबाईंचा हात एवढंच.

नगरच्या दवाखान्यात मला आत घेतलं. तरुण डॉक्टरीणबाई होत्या, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. त्यांनी बोटाला चिमटा लावला, ऑक्सिजन लावला, एका बंद पिशवीतून नवा मास्क काढला. सासूबाई पुढं झाल्या आणि त्यांनी डॉक्टरीणबाईंच्या हातातून तो मास्क घेतला. नाकाशी नेऊन वास घेतला. उजेडाकडे धरून आतून पाहिला. मग परत दिला. डॉक्टरीणबाईंनी तो माझ्या तोंडावर चढवला.

दोन औषधं त्यांनी मशीनच्या कपात टाकली. नर्स माझ्या हातावर शीर शोधत होती. सुई आत जायची आणि शीर पळायची. श्वास थोडा सुटला, पुरेसा नाही. डॉक्टरीणबाई छातीला नळी लावून ऐकत होत्या. नर्सला त्या म्हणाल्या, "शीर मिळेपर्यंत पुढच्या कपात या औषधांबरोबर मॅग्नेशियम टाका."

तो शब्द ऐकला आणि सासूबाई पलंगाच्या आणि मशीनच्या मध्ये येऊन उभ्या राहिल्या.

"ते न्हाई द्यायचं."

"आजी, बाजूला व्हा."

"न्हाई म्हनते ना मी! त्याच वाफंनं तिची ही गत झाली. मॅगनेशम, मॅगनेशम करून मारली पोरीला. ते सोडून काय बी द्या."

डॉक्टरीणबाई नर्सला "तुम्ही कप भरा" म्हणाल्या आणि सासूबाईंकडे वळल्या. "कुणी दिलं? आणि पंप चालू होता का?"

सासूबाईंनी तुटकपणे सगळं सांगितलं. मास्क, बादली, बंद केलेला पंप. डॉक्टरीणबाईंच्या तोंडावर जे आलं, ते पाहून मला पहिल्यांदा वाटलं की ही किळस माझ्या एकटीची नाही.

"आजी, भाकरी आणि तोंडी लावणं यातला फरक तुम्हाला कळतो ना? रोजचा पंप आणि आता कपात घातलेली ही दोन औषधं, ही भाकरी. मॅग्नेशियम तोंडी लावायला. झटका मोठा असेल, भाकरीनं भागत नसेल, तर सोबत द्यायचं. वाफेतून दिलं तर कुणाला थोडा फरक पडतो, कुणाला काहीच नाही. शिरेतून दिलेलं जास्त भरवशाचं, पण शीर सापडेना, म्हणून तोवर हे. खोटं सांगत नाही मी तुम्हाला. त्या माणसानं भाकरी काढून घेतली आणि हिला नुसत्या तोंडी लावण्यावर ठेवलं."

"मग तिला बरं कसं वाटायचं?"

"त्याच कपात तो साधं दम्याचं औषध टाकत असणार. सगळेच टाकतात. त्यानं छाती काही तास उघडते, आणि पंपाचा आधीचा गुण उरलेला असेतोवर दोन-तीन दिवस बरंही वाटतं. आतली सूज मात्र वाढतच जाते. ती कमी ठेवायचं काम पंपाचं होतं."

माझ्या कपाळावरचा घाम पुसून सासूबाई पलंगाच्या कडेला झाल्या. "द्या," म्हणाल्या. "पन ह्योच मास्क. दुसरा आणू नका."

तीच खारट-कडू चव पुन्हा जिभेवर आली. या वेळी तिच्यात दुसऱ्याचं तोंड नव्हतं, तरी मला उमासे येत होते. पोटातलं सगळं आधीच गेलेलं असल्यानं नुसती कोरडी ओकारी यायची. मग शीर सापडली. सलाईनच्या बाटलीतून औषध चढलं. यातल्या कशानं श्वास सुटला ते मला सांगता येणार नाही. डॉक्टरीणबाईंनाही मी विचारलं, तर त्या म्हणाल्या, "मलाही नक्की सांगता येणार नाही. सगळ्यांनी मिळून." मला हे उत्तर आवडलं.

दुपारनंतर नवरा सुप्याहून आला. अंगात कारखान्याचा गणवेश, पलंगाजवळ उभं राहून बूट पुढंमागं करत होता. सासूबाई त्याला म्हणाल्या, "त्वा आन् म्या मिळून तिचा पंप बंद केला. आता रोज समोर उभं राहून ओढायला लावायचा." तो हो म्हणाला.

घरी आल्यावर, अंगात थोडी ताकद आल्यावर, बाजारच्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, "चल."

"कुठं?"

"बाजारला."

पिशवी घेऊन आम्ही निघालो, पण त्या भाजीकडे वळल्याच नाहीत. सरळ दवाखान्यात. बाक नेहमीसारखा भरलेला. कोपऱ्यात बादली, बादलीवर माश्या. आमच्याच वस्तीच्या खालच्या अंगाला राहणारी एक बाई मांडीवर लेकराला घेऊन बसली होती आणि तो मोठ्या माणसाचा मास्क त्या लेकराच्या सबंध चेहऱ्यावर, डोळ्यांपर्यंत चढवलेला होता. लेकरू रडत होतं आणि आत वाफ होती.

"या या, ताई," डॉक्टर म्हणाले. "बरं वाटतंय ना आता? घाई केली तुम्ही त्या दिवशी."

मी घरून बोलायचं ठरवून आले होते. पंप बंद करायला सांगू नका, मास्क धुवा, कपात काय काय टाकता ते लोकांना सांगा. पण त्यांनी बाकाकडे वळून विचारलं, "ताई, खरं सांगा सगळ्यांना. वाफेनं तुम्हाला फरक पडत होता की नव्हता?"

बाकावरची सगळी माणसं माझ्याकडे बघत होती. फरक पडत होता. मी काय सांगणार? मी बोलायला तोंड उघडलं आणि खोकलाच आला. एक म्हातारा म्हणाला, "आमाला गुन येतोय बाई, तुझं तू बघ." दुसरा म्हणाला, "मोठ्या दवाखान्यावाल्यांनी शिकवून धाडली आसंल."

तेवढ्यात सासूबाईंनी शेजारच्या खुर्चीवर पडलेला दुसरा मास्क उचलला. ओला होता तो. त्यांनी तो पदरानं धरला, हातानं नाही, आणि डॉक्टरांसमोर केला.

"तुमी लावा."

"काय?"

"तुमच्या तोंडाला लावा. ह्या सगळ्यांच्या म्होरं. एकदाच श्वास घ्या त्याच्यातनं. मग आमी जातो."

डॉक्टर हसले. बाकावरचेही एक-दोघे हसले. सासूबाई हलल्या नाहीत. मास्क डॉक्टरांच्या नाकाच्या पुढं तसाच. हसू थांबलं. डॉक्टरांनी मान मागं घेतली, नाकपुड्या आवळल्या, ओठ वाकडे झाले. कुणी शेण पुढं केल्यावर माणूस करील तसं. ते सगळ्यांनी पाहिलं.

"आजी, बाहेर व्हा," ते म्हणाले. आवाजातली साखर गेली होती.

सासूबाईंनी मास्क बादलीत टाकला. आमच्या वस्तीवरची बाई उठली, लेकराच्या तोंडावरचा मास्क काढला आणि आमच्या मागोमाग बाहेर आली. अजून एक माणूस उठला. बाकीचे बसून राहिले. तो म्हातारा तर सरकून पुढच्या जागेवर गेला.

नवऱ्यानं तालुक्याला तक्रार दिली. कुणीतरी येऊन बघून गेलं म्हणतात. त्यानंतर काही दिवस मास्क प्लॅस्टिकच्या पिशव्यांत टांगलेले दिसायचे आणि बादलीला झाकण आलं. मग झाकण गेलं. शटरवरच्या फुप्फुसांचा रंग उडाला होता, तो पुन्हा नवा देऊन झाला. पंप बंद करायला ते अजूनही सांगतात. माझ्या ओळखीच्या दोघांनी बंद केलाय. मी त्यांच्या घरी जाऊन सांगून आले. त्यांनी चहा पाजला आणि ऐकलं नाही.

आमच्या वस्तीवरच्या त्या लेकराला आम्हीच नगरला नेलं. त्याला आता तोंडाला लावायच्या छोट्या डब्याला जोडून पंप देतात. त्याची आई येऊन मला विचारते, बाई, सवय तर लागायची न्हाई ना? दर वेळी मी नाही म्हणून सांगते. कुट्टी आता नवरा कामावर जाण्याआधी करून ठेवतो, मी तोवर घराच्या पलीकडे असते. पंप मी सकाळी ओट्याशी उभी राहून ओढते, कोण बघतंय ते बघत नाही.

परवा गावात एक लग्न होतं. अक्षता पडून पंगती बसल्यावर माइकवरून सत्कार चालू झाले आणि पुकारा झाला त्या डॉक्टरांचा. गोरगरिबांचे कैवारी असं काहीतरी म्हटलं. सरपंचांनी फेटा बांधला, नारळ दिला. टाळ्या पडल्या. खाली उतरताना ते आमच्या पंगतीजवळून गेले, हात जोडले आणि मला म्हणाले, "काय ताई, तब्येत बरी ना?"

माझ्या पानात बुंदी आणि मसालेभात वाढलेला होता. मला त्यातला घास तोंडाशी नेववेना. सगळा मांडवच कुणीतरी चाटून ठेवल्यासारखा वाटायला लागला. मी पानावरून उठायला लागले तर सासूबाईंनी माझा हात धरला.

"बस. जेवान काय त्याच्या घरचं हाय का?"

आणि त्यांनी आपला पेला विसळला, पाणी ओतून घेतलं आणि शांतपणे जेवायला सुरुवात केली. मी बसून राहिले. त्यांचं जेवण होईस्तोवर मी बुंदीचे दाणे पानावर इकडून तिकडं सारत होते. एकही तोंडात घातला नाही.